मराठी शब्दाच्या नावाने उघडलेली वही

सोमवार

इंग्रजी शब्दांची वही करायची म्हटली की डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे मराठी अर्थ, ही शाळेपासूनची सवय. वाचताना ती वही कामाला येते. लिहिताना मात्र मनात आधी मराठी शब्द येतो आणि त्या बाजूने वहीत शिरायला वाटच नसते. म्हणून वही उलटी ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. पानाच्या डोक्यावर मराठी शब्द, खाली इंग्रजीत त्याला जितके फाटे फुटतात तितके रकाने, आणि प्रत्येक रकान्यात मराठी वाक्य व त्याखाली पूर्ण इंग्रजी वाक्य. सुटा शब्द लिहायचाच नाही.

आजचं पान 'पर्यंत'चं. 'शुक्रवारपर्यंत फाइल पाठवतो' आणि 'शुक्रवारपर्यंत सुट्टीवर आहे' या दोन्ही वाक्यांना मराठीत एकच प्रत्यय पुरतो. इंग्रजीत पहिल्याला 'बाय' लागतं, दुसऱ्याला 'अनटिल' किंवा 'टिल'. ओळखायची खूण सोपी आहे. काम त्या वेळेआधी एकदाच उरकायचं असेल तर 'बाय', आणि अवस्था त्या वेळेपावेतो चालूच राहणार असेल तर 'अनटिल'. 'आय विल सेंड द फाइल टिल फ्रायडे' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं की शुक्रवार उजाडेतो हा माणूस फाइल पाठवतच बसणार. हे वाक्य ऑफिसांतून रोज लिहिलं जातं, आणि मुदत नेमकी कोणती हा घोळ त्यातूनच होतो.

'पर्यंत'ला आणखी फाटे आहेत. 'पाच हजारांपर्यंत खर्च' म्हणजे 'अप टू', 'गाडी साताऱ्यापर्यंतच जाते' म्हणजे 'ॲज फार ॲज'. सगळ्यांत चिवट चूक मात्र नकाराची. 'जोपर्यंत तो येत नाही तोपर्यंत थांब' या मराठी वाक्यात 'नाही' हवंच. इंग्रजीत 'अनटिल' शब्दातच तो भाव आहे, म्हणून 'वेट अनटिल ही कम्स' एवढंच म्हणायचं. 'अनटिल ही डझ नॉट कम' लिहिलं की वाक्य उलटतं. येणं पुढे घडायचं आहे म्हणून 'अनटिल ही विल कम' असंही लिहू नये, तिथे साधा वर्तमानकाळ चालतो. एका प्रत्ययासाठी अख्खं पान गेलं आणि ते जावंच.

मंगळवार

'पासून'. 'दोन वर्षांपासून' हा कालावधी आहे, तिथे 'फॉर'. '२०१९पासून' हा आरंभबिंदू, तिथे 'सिन्स'. दोन्ही ठिकाणी आपला प्रत्यय सारखाच असल्यामुळे 'सिन्स टू इयर्स' होतं. त्याला जोडून काळाचीही चूक येते. मराठीत 'दोन वर्षांपासून इथे काम करतोय' हे वर्तमानात चालतं, म्हणून 'आय ॲम वर्किंग' लिहिलं जातं. हवं असतं 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स'. वहीत वाक्य पूर्ण लिहिलं की दोन्ही गोष्टी एकदमच हाताला लागतात.

'समोर'चं पानही आजच उघडलं. रस्त्यापलीकडची बँक 'ऑपोझिट', दारापुढे उभी केलेली स्कूटर 'इन फ्रंट ऑफ'. गंमत म्हणजे आपल्या दुकानांच्या पाट्यांवर 'ऑप.' बरोबर लिहिलेलं असतं. बोलताना मात्र 'इन फ्रंट ऑफ माय हाउस देअर इज अ बँक' येतं आणि बँक अंगणात बांधल्यासारखी वाटते. 'सावली' तशीच. झाडाखाली बसतो ती 'शेड', भिंतीवर आपली पडते ती 'शॅडो'. बोट, घड्याळ, हात, पाय यांची पानं पुढे उघडायची आहेत. पायाच्या बोटाला 'फिंगर' म्हणत नाहीत, 'टो' म्हणतात.

बुधवार

पानावर दोन रकाने आखले म्हणून दोन्ही एकाच दिवशी पाठ करू नयेत. अर्थाने जवळचे शब्द एकत्र शिकले की ते एकमेकांत मिसळतात, हे शब्दसंग्रहावरच्या संशोधनात दिसलेलं आहे. 'बॉरो' (उसनं घेणं) आणि 'लेंड' (उसनं देणं) शाळेत जोडीने शिकवतात आणि पुढे वर्षानुवर्षं कोणता घेण्याचा व कोणता देण्याचा हे आठवत नाही. म्हणून आधी 'बॉरो'चाच रकाना भरावा: 'कॅन आय बॉरो युअर पेन?' दुसरा रकाना आठवडाभर कोरा ठेवावा. पहिलं वाक्य विचार न करता तोंडात आलं की मग 'लेंड' भरावं.

गुरुवार

आज वेगळ्या जातीचे शब्द. हे इंग्रजीतून आले, मराठीत रुजले आणि इथे त्यांचा अर्थ सरकला. ते इंग्रजीच आहेत म्हणून आपण बेसावध असतो, म्हणून यांना वहीत स्वतंत्र भाग हवा. आपलं 'हॉटेल' म्हणजे मिसळ-चहाची जागा, इंग्रजीत ती 'रेस्टॉरंट' किंवा 'कॅफे', आणि 'हॉटेल' मुक्कामाचं. 'लाइट गेली' म्हणजे 'द पॉवर इज आउट'. 'टेन्शन आलंय' म्हणजे 'आय ॲम वरीड'. गाडीची 'डिकी' ब्रिटनमध्ये 'बूट' आणि अमेरिकेत 'ट्रंक'.

'डाउट' यातला सगळ्यांत महागात पडणारा. वर्गात 'सर, एक डाउट आहे' म्हणजे काहीतरी विचारायचंय. परदेशी सहकाऱ्याला 'आय हॅव अ डाउट अबाउट युअर कॅल्क्युलेशन' लिहिलं तर त्याला वाटतं की आपला त्याच्या हिशोबावर विश्वास नाही. तिथे 'आय हॅव अ क्वेश्चन' लिहावं. 'रिव्हर्ट'चंही असंच. भारतीय कार्यालयांत त्याचा अर्थ 'उत्तर देतो' असा रूढ आहे. सॉफ्टवेअरच्या कामात मात्र 'रिव्हर्ट' म्हणजे केलेला बदल मागे घेणं. 'आय विल रिव्हर्ट टुमॉरो' वाचून समोरचा दचकू शकतो.

पण सगळ्या भारतीय इंग्रजीवर लाल शाई ओढणं मला पटत नाही. 'प्रीपोन' हा नेटका शब्द आहे, 'पोस्टपोन'ला जोड म्हणून घडलेला, आणि इंग्लंडमध्ये निघणाऱ्या कोशांनीही त्याला भारतीय इंग्रजी असा शेरा मारून जागा दिली आहे. वाचणारा कोण, एवढं बघावं. पुण्यातल्या पुण्यात 'प्रीपोन' बेलाशक लिहावं, परदेशी वाचकासाठी 'मूव्ह द मीटिंग फॉरवर्ड' असं लिहून नवी तारीखही द्यावी, कारण 'फॉरवर्ड'चा अर्थ काहीजण पुढे ढकलणं असा घेतात.

शुक्रवार

'देणे' या क्रियापदाचं पान. परीक्षा 'टेक' किंवा 'सिट' करतात, 'गिव्ह' नाही. लक्ष 'पे' करतात. भेट देणं 'व्हिजिट', आणि साक्ष देणं 'टेस्टिफाय'. 'करणे' तितकंच पसरट: चूक 'मेक', गृहपाठ 'डू', गुन्हा 'कमिट'. 'मोठा'ही तसाच. मोठा आवाज 'लाउड', मोठा पाऊस 'हेवी', मोठी संख्या 'लार्ज', मोठा भाऊ 'एल्डर'. यामागे नियम शोधत बसू नये. कोणता शब्द कोणाशेजारी बसतो हे वापराने ठरलेलं असतं, ते जोडीनेच टिपावं.

इथे कोशाची निवड महत्त्वाची. कोशकार थॉमस कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७चा, आणि त्या घडणीचे कोश आजही आपल्या घरांत असतात. अर्थ कळायला ते चांगले. वापर कळायला विद्यार्थी-कोश, म्हणजे परभाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला कोश लागतो. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये शिकवताना असा कोश सिद्ध केला, तो १९४२मध्ये तिथे निघाला आणि १९४८मध्ये ऑक्सफर्डने छापला. क्रियापदापुढे वाक्य कसं चालतं हे त्यात दाखवलेलं होतं. १९८७च्या 'कोबिल्ड' या विद्यार्थी-कोशाने तर अर्थच पूर्ण वाक्यांत दिले. असा कोश उघडल्यावर आधी उदाहरणं वाचावीत आणि अर्थाकडे नंतर जावं. 'डिस्कस'ची उदाहरणं पाहिली की त्यापुढे 'अबाउट' कुठेच दिसत नाही. 'विषयी चर्चा' आपल्याकडून तिथे शिरते. 'मॅरी' (लग्न करणं) या क्रियापदापुढचं 'विथ' आपल्या '-शी' या प्रत्ययामुळे येतं. 'एक्सप्लेन मी'ची मुळं 'मला समजाव'मध्ये आहेत, हवं 'एक्सप्लेन इट टू मी'.

शनिवार

नामाशेजारी कोशात 'सी' किंवा 'यू' हे अक्षर असतं, मोजता येणारं की न येणारं. ते वगळून पुढे जाऊ नये. 'माहिती'चं आपणही अनेकवचन करत नाही, त्यामुळे 'इन्फर्मेशन्स' खटकायला मराठी कानाला अडचण नाही. धोका आहे तो सल्ले, बातम्या, पुरावे, उपकरणं यांत. 'ॲडव्हाइस', 'न्यूज', 'एव्हिडन्स', 'इक्विपमेंट' यांपैकी एकालाही अनेकवचनाचा 'स' जोडत नाहीत, आणि शब्दाआधी 'अ' किंवा 'ॲन'ही लावत नाहीत. 'न्यूज'मधला शेवटचा उच्चार फसवा आहे, क्रियापद 'इज'च घ्यायचं. एकच सल्ला म्हणायचा तर 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस'.

रविवार

उजळणीची रीत. दिवसाला पाचपेक्षा जास्त नवी वाक्यं घेऊ नयेत. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पान उघडावं. इंग्रजी ओळ कागदाने झाकून मराठी वाक्यावरून ती लिहून काढावी, नुसती वाचू नये. वाचून ओळखता येणारे शब्द वापरता येणाऱ्या शब्दांपेक्षा नेहमीच जास्त असतात, त्यामुळे वाचताना सगळं येतंय असा भास होतो. चुकलेलं वाक्य पुन्हा पहिल्या दिवसावर न्यावं.

नवी पानं कुठून आणायची? स्वतःच्या पाठवलेल्या मेल्समधून. शोधायच्या चौकटीत एकेक शब्द टाकावा: 'टिल', 'सिन्स', 'ओन्ली', 'डाउट'. 'ओन्ली' टाकला की आपला 'च' उघडा पडतो. 'तिथेच आहे'चं 'देअर ओन्ली' झालेलं असतं, जिथे 'राइट देअर' पुरलं असतं. सापडलेलं वाक्य जसंच्या तसं पानावर उतरवावं, शेजारी ज्या मराठी वाक्यातून ते आलं ते लिहावं, आणि दुरुस्त वाक्य खाली.