चावी काढली तरी पिकअप बंद होईना

जुन्या डिझेल पिकअपची चावी फिरवली, काढून खिशात टाकली तरी इंजिन आपलं चालूच, असा फॉल्ट कोणाच्या गाडीला आला असेल तर हे नीट वाचा. कारण आम्ही विचारत फिरलो तेव्हा प्रत्येकाने वेगळंच सांगितलं, कोणी म्हणे स्वीच बदला, कोणी म्हणे डिझेलचा पंप खोलावा लागेल, आणि पंप खोलणं म्हणजे किती खड्डा पडतो ते गाडीवाल्यांना माहितीये. पंपाला हातसुद्धा लावावा लागला नाही.

गाडी माझ्या काकांची. घणसोलीला राहतात, मध्यरात्रीनंतर वाशीच्या एपीएमसीत भाजी मार्केटला जायचं, माल भरायचा आणि उजाडायच्या आत ठाण्याला जांभळी नाक्यावर उतरवायचा, वर्षानुवर्षं हेच चाललंय. गाडी एक दिवस उभी राहिली की नुसतं भाडं जात नाही, गिऱ्हाईक दुसऱ्याची गाडी बोलावतं आणि मग ते परत येईलच असं नाही. म्हणून अशा गाड्यांचं काम कायम घाईत होतं, रस्त्याच्या कडेला, टॉर्चच्या उजेडात, आणि वायरिंगची वाट तिथेच लागते.

आधीचा फॉल्ट वेगळा होता. खड्ड्यात आपटली की गाडी मध्येच बंद पडायची, पावसात तर हमखास. एका वायरमनने बघितलं, पंपावरच्या सोलेनॉइडला करंट कमी पोचतोय म्हणाला, आणि बॅटरीवरून डायरेक्ट वायर आणून मध्ये रिले टाकून दिला. रिले म्हणजे करंटवर चालणारा स्वीच, आतल्या कॉइलला थोडा करंट मिळाला की कॉन्टॅक्ट जुळतात आणि मोठा करंट सोडतात. निदान बरोबर होतं त्याचं, हे मी आधीच सांगतो. गाडी बंद पडायची थांबली. पण त्याच दिवसापासून चावीने बंदही होईना.

सोलेनॉइड म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. डिझेल इंजिनला स्पार्क लागत नाही, एकदा चालू झालं की डिझेल मिळतंय तोवर ते चालत राहणार. आमच्या गाडीत रोटरी पंप आहे, त्याच्या डोक्यावर छोटा सोलेनॉइड व्हॉल्व बसवलाय, त्याला १२ व्होल्ट मिळाले की डिझेलची वाट उघडी, करंट तुटला की बंद. म्हणजे अशा गाडीत चावीने इंजिन बंद होतं म्हणजे फक्त या एका वायरचा करंट तुटतो. जुन्या कित्येक गाड्यांना यासाठी ओढायचा नॉब असायचा, त्यांना हा त्रास होणारच नाही.

आता चावी बंद करूनही सोलेनॉइडला करंट मिळतोय, म्हणजे रिले धरून बसलाय. रिले सॉकेटमधून उपटला की इंजिन लगेच बंद, हे तर काकांनीच शोधून काढलं होतं. त्याआधी बिचारे चौथा गिअर टाकून ब्रेक दाबून क्लच सोडायचे आणि इंजिन बंद पाडायचे, रोज असं केलं तर क्लचप्लेट किती टिकणार. कोणीतरी त्यांना चालू इंजिनवर बॅटरीचा टर्मिनल काढा असंही सांगितलेलं. हे कृपा करून कोणी करू नका. इंजिन त्याने बंद होईलच याची खात्री नाही, पण अल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या ज्या यंत्राला आपल्याकडे सगळे डायनॅमोच म्हणतात त्याचा, व्होल्टेज एकदम उसळतो आणि त्याचे डायोड नाहीतर रेग्युलेटर उडू शकतो.

मी रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, पॅनलमधले रिले रोज हाताखालून जातात, त्यामुळे मला पहिला संशय रिले चिकटल्याचा आला. खोलून बघितला, कॉन्टॅक्ट स्वच्छ, कॉइलचा करंट काढला की टक्कन सुटतोय. मग काका सहज बोलता बोलता म्हणाले, "अरे, एक गंमत बघ, वायपर लावला ना की बंद होते गाडी." मी म्हटलं, काका, हे आधी का नाही सांगितलंत! सगळं उत्तर त्यातच होतं.

रात्री गाडी बिल्डिंगखाली लावून चालू केली, चावी फिरवून काढली. इंजिन चालूच. डॅशबोर्डकडे बघितलं तर लाल बॅटरीचा दिवा मंद पेटलेला. दिवसा दिसणारही नाही इतका मंद, निखारा राखेखाली असतो तसा. चावी बंद असताना डॅशबोर्डवर काहीच पेटायला नको, तर हा का पेटलाय? मीटर लावला इग्निशनच्या वायरवर, स्वीचच्या मागे, तर सात व्होल्टच्या आसपास. स्वीच बंद, तरी सात व्होल्ट. म्हणजे करंट उलट्या बाजूने येतोय.

होतं काय, तर तो लाल दिवा नुसता इशाऱ्याचा नसतो. त्याची एक बाजू चावीच्या इग्निशन लाइनला आणि दुसरी अल्टरनेटरला जोडलेली असते. चावी ऑन केली की याच बल्बमधून थोडा करंट अल्टरनेटरच्या फील्डला, म्हणजे आतल्या चुंबकाच्या कॉइलला, जातो, त्यानेच तो जागा होतो आणि चार्ज करायला लागतो. गाडी चालू झाली की अल्टरनेटरच्या बाजूलाही १४ व्होल्ट येतात, दोन्हीकडे सारखं झालं की दिवा विझतो. आता चावी बंद केली तर इग्निशन लाइन मोकळी झाली, पण अल्टरनेटर फिरतोच आहे, त्याच्याकडे १४ व्होल्ट आहेत, ते बल्बमधून उलटे येऊन इग्निशन लाइनवर बसले आणि त्याच लाइनवर आपल्या नवीन रिलेची कॉइल. कॉइलला पूर्ण १२ व्होल्टवर लागतं किती, अंदाजे ०.१५ अँपिअर, त्याच्या निम्मं तरी त्या बल्बमधून येतंच. शिवाय रिले खेचायला जेवढा व्होल्टेज लागतो त्याच्या निम्म्याहून कमी व्होल्टेजवर तो धरून राहू शकतो, म्हणून सातवरही सुटत नाही. रिले धरला, सोलेनॉइडला करंट मिळाला, इंजिन फिरलं, अल्टरनेटर फिरला, परत तेच. गोल.

रिले नव्हता तेव्हा असं का होत नव्हतं? तर सोलेनॉइडला त्याहून बराच जास्त करंट लागतो, तो दोन-तीन वॉटच्या बल्बमधून जाऊच शकत नाही. आणि वायपर लावला की बंद का व्हायची? वायपरची मोटर त्याच इग्निशन लाइनवर आहे, ती बल्बमधून येणारा सगळा करंट गिळून टाकते, लाइनचा व्होल्टेज खाली बसतो, रिले सुटतो. काका पावसात गाडी बंद करायचे तेव्हा नीट बंद व्हायची आणि कोरड्यात नाही, त्यामुळे सगळ्यांचा गोंधळ झाला होता.

खात्री करायची तर अल्टरनेटरची बारीक वायर काढा, जाड वायर नाही, बारीक, ज्यावर डी प्लस किंवा एल लिहिलेलं असतं. ती काढल्यावर चावीने इंजिन व्यवस्थित बंद झालं तर फॉल्ट हाच. आमचं झालं.

इलाज म्हणजे एक डायोड, करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा पार्ट. १एन४००७, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, त्यासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जायची गरज नाही, कटिंग चहापेक्षा स्वस्त. लाल दिव्यापासून अल्टरनेटरकडे जाणारी बारीक वायर कापून त्यात हा जोडायचा, चंदेरी पट्टी अल्टरनेटरच्या बाजूला. करंट चावीकडून अल्टरनेटरकडे जाईल, उलटा येणार नाही. उलटा जोडला तर चावी ऑन केल्यावर लाल दिवा पेटणारच नाही, तेव्हा लगेच कळतं. सोल्डर मारा आणि वरून श्रिंक स्लीव्ह चढवा, नुसतं पिळून टेप लावू नका. आणि त्या दिव्याचा साधा बल्ब काढून हौसेने एलईडी टाकू नका, त्यातून पुरेसा करंट जात नाही, मग अल्टरनेटर जागाच होत नाही आणि बॅटरी उतरली म्हणून आपण नवीन बॅटरी आणतो.

पण माझं समाधान इथे झालं नाही. मुळात सोलेनॉइडला करंट कमी का पोचत होता? रिले टाकून ते झाकलं गेलं, गेलं नाही. आणि इथे मीटर फसवतो. वायरीची एक तार शिल्लक असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः करंट घेतच नाही. म्हणून इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब होल्डरसकट घ्या, दोन वायरी काढा आणि तो लोड म्हणून लावून मग मीटर लावा. बॅटरीवर १२.६, स्वीचच्या मागे बॅटरीच्या टर्मिनलवर १२.३, आणि बल्ब लावून इग्निशनच्या टर्मिनलवर १०.१. स्वीचच्या आतच दोन व्होल्टच्या वर खाल्ले गेले. स्वीचच्या वायरींचा कपलर, म्हणजे प्लास्टिकचा प्लग, ओढला तर प्लास्टिक तपकिरी झालेलं, एक पिन निळीकाळी पडलेली. स्टीअरिंगखाली पुढे जो जोड होता त्याची टेप चिकट झालेली, सोलली तर आतलं तांबं हिरवं, बोटाने चुरा झाला त्याचा. खाडीकाठची हवा आणि आपला चार महिन्यांचा पाऊस, टेपच्या जोडाचं हेच होणार.

स्वीच आणि कपलर दोन्ही बदलले, तो जोड काढून अखंड नवी वायर टाकली. रिले मात्र ठेवला. रिले चांगलाच आहे, स्वीचवरचा भार कमी होतो, माझं त्याच्याशी भांडण नाही. भांडण याच्याशी आहे की बॅटरीवरून थेट आणलेल्या त्या वायरीला फ्यूजच नव्हता. बॉडीच्या पत्र्यावर घासत जाणारी वायर, पलीकडे डिझेलची पाइप, आणि फ्यूज नाही. ती कधीतरी घासून बॉडीला लागली असती तर काय झालं असतं याचा विचार केला तरी अंगावर काटा येतो. बॅटरीपासून वीतभर अंतरावर १० अँपिअरचा फ्यूज टाकला. तुमच्या गाडीत असं काम झालं असेल तर आजच बॉनेट उघडून बघा.

रिलेच्या खाली जे आकडे असतात ते पण एकदा पाठ करून टाका, जर्मन स्टँडर्डचे आहेत आणि बहुतेक सगळ्या रिलेवर तेच असतात: ८५ आणि ८६ कॉइल, ३० बॅटरीकडून, ८७ लोडकडे. इग्निशन स्वीचवर आकडे असतील तर ३० बॅटरी, १५ इग्निशन, ५० सेल्फ. एवढं माहीत असलं की वायरमन काय करतोय ते समोर उभं राहून कळतं, आणि मागच्या माणसाने सगळीकडे लालच वायर वापरली असली तरी मार्ग निघतो.

जाता जाता अर्थिंगही बघून घेतलं. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिन ब्लॉकला, आणि काकांना सेल्फ मारायला सांगितला. ०.५ व्होल्टच्या आत असावं, आमचं एकच्या वर गेलं. इंजिन आणि चासीमधली विणलेली पट्टी अर्धी तुटलेली होती, नवीन टाकली, खालचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला आणि वरून ग्रीस. सेल्फ मारताना अॅक्सिलरेटरची केबल गरम होत असेल तर ही पट्टी आधी बघा, करंटला वाट मिळाली नाही की तो केबलमधून जातो. अर्थिंगच्या कामाला हात घालायच्या आधी बॅटरीचा मायनस काढायचा आणि हातातली अंगठी, कडं पण.

आता चावी ऑन केली की लाल दिवा पेटतो, इंजिन चालू झालं की विझतो, चावी बंद केली की इंजिन बंद. बॅटरीवर चालू गाडीत १४.१ येतंय, १३.८ ते १४.४ मध्ये असलं की ठीक. हीटर प्लगची (थंड इंजिन चालू करताना आत गरम करणारे प्लग) वायरिंग अजून तशीच जुनी आहे, ती गणपतीच्या सुट्टीत काढणार आहे. कोणाकडे जुन्या पिकअपचा हीटर टायमर चालू कंडिशनमध्ये पडून असेल तर कळवा, काका स्वतः येऊन घेऊन जातील.