ऐंशी एकर आणि दोन गायी

"वाट कुठनं हाय?" आण्णांनी फोनवर पहिला प्रश्न हा विचारला. लगेच दुसरा, "आन् पाणी कुनाचं?"

मी त्यांना अमेरिकेतल्या सांग्रे दे क्रिस्टो पर्वतरांगेच्या बर्फाळ शिखरांचे सहा फोटो पाठवले होते. त्यांबद्दल एक शब्द नाही. माण तालुक्यात जन्म काढलेल्या माणसाला डोंगराचं काय कौतुक असणार! मला मात्र तेव्हा त्यांचा रागच आला. कोलोरॅडोत रँच, म्हणजे गुरं चारायची शेतजमीन, घ्यायची म्हणून मी आणि बायको तीन महिने शनिवार-रविवार गाडी हाणत होतो, आणि यांचं आपलं वाट आणि पाणी.

डेन्व्हरपासून तीनेक तासांवर कस्टर काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) वेट माउंटन व्हॅली नावाचं खोरं आहे. वेस्टक्लिफ हे तिथलं मुख्य गाव, समुद्रसपाटीपासून सुमारे 7,800 फुटांवर. नावातल्या 'वेट'वर जाऊ नका. ओल आहे ती डोंगराच्या पायथ्याशी आणि पाटांच्या कडेला, बाकी सगळं कोरडं कुरण. आपल्याकडे शेतजमीन घ्यायची तर आधी शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. इथे कुणीही यावं आणि शेत घ्यावं. त्यामुळे मला वाटलं, हे सोपं असणार.

पहिली जागा बरोबर 35 एकरांची होती. आजूबाजूचे तुकडेही तेवढेच. हा आकडा कुठून आला ते नंतर कळलं. 1972 च्या कायद्याने 35 एकर किंवा त्याहून मोठे तुकडे पाडले तर काउंटीची सबडिव्हिजनची, म्हणजे जमिनीचे भाग पाडायची, परवानगी लागत नाही, म्हणून जुन्या रँचेसचे असे तुकडे पडत गेले. विहिरीचंही तसंच. 35 एकर असतील तर साधारणपणे जो परवाना मिळतो त्यात तीन घरांपर्यंत वापर, एक एकर बाग आणि जनावरांचं पाणी बसतं. त्याहून लहान तुकड्याला बहुतेक ठिकाणी फक्त घरातल्या नळापुरतं. एका एकरावर शेती कसली करणार? आणि छपरावरचं पावसाचं पाणी साठवायलाही 2016 पर्यंत जवळपास बंदीच होती. आता दोन पिंपं चालतात, मिळून 110 गॅलन. आण्णांना हे सांगितलं तर त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

दुसऱ्या जागेवर आम्ही खरोखर भाळलो. 160 एकर, मधोमध जुना लाकडी गोठा, आणि जाहिरातीत ठळक अक्षरांत '1880 च्या दशकातला पाण्याचा हक्क'. कोलोरॅडोत पाणी जमिनीला चिकटून येत नाही, ते वेगळं विकता येतं. ज्याने आधी पाणी उचललं त्याचा हक्क वरचा. ओढ्याला पाणी कमी झालं की जुन्या तारखेचा हक्कवाला 'कॉल' लावतो, म्हणजे आपलं पाणी आधी मागतो, आणि मागून आलेल्यांच्या पाटांची दारं बंद होतात. म्हणजे 1880 चं पाणी हे सोनंच. साठेखत केलं, इसार दिला.

दुसऱ्या दिवशी पाट बघायला गेलो. लहानपणी रात्रीची दारं धरलीत मी, पाट चालता आहे की नाही हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. लोखंडी दाराचं चाक गंजून एकजीव झालेलं, दोन्ही हातांनी तसूभर हललं नाही. आणि पाटाच्या तळात विलोची झाडं, मनगटाएवढी जाड. रात्री राज्याच्या जलखात्याच्या संकेतस्थळावर त्या पाटाच्या नोंदी काढल्या. वॉटर कमिशनर दरवर्षी कोणी किती पाणी घेतलं ते लिहितो. 2015 पासून सलग नऊ वर्षं शून्य. सलग दहा वर्षं पाणी वापरलं नाही तर हक्क सोडून दिला असं गृहीत धरलं जातं, आणि दर दहा वर्षांनी अशा हक्कांची यादी निघते. पुढची 2030 मध्ये. एजंट म्हणाला, "कागदावर तर हक्क आहे ना!" कागदावर होताच.

एक गोष्ट मात्र इथली चांगली आहे. खरेदीच्या करारात तारखांचा तक्ताच असतो: टायटलवर, म्हणजे मालकीहक्कावर, आक्षेप कधीपर्यंत, पाहणीवर कधीपर्यंत, खनिजहक्क तपासायला कधीपर्यंत. तारीख चुकली की तोंड बंद. आम्ही मुदतीच्या दोन दिवस आधी माघार घेतली, इसार परत मिळाला. बायको परतीच्या वाटेवर पुएब्लोपर्यंत एक अक्षर बोलली नाही. तिला तो गोठा हवा होता.

तिसरी जागा डोळ्यांत भरणारी नव्हतीच. 80 एकर, सरळ जिराईत, एक विहीर आणि पत्र्याचं छोटं घर. विहिरीची चाचणी चार तास चालली. सुरुवातीला पाणी धो धो आलं, मग धार बारीक होत गेली आणि शेवटी पाच गॅलनची बादली भरायला सव्वा मिनिट लागू लागलं. मिनिटाला चार गॅलन. घराला आणि जनावरांना पुरे, टाकी बांधायची.

मग टायटल कंपनीकडून कागदांचा गठ्ठा आला. त्यातली अपवादांची यादी म्हणजे आपल्या सातबाऱ्यावरचा 'इतर अधिकार' रकानाच समजा. सगळी गंमत तिथे. पहिलं, खनिजं आमची नाहीत. 1916 च्या कायद्याने जनावरं पाळण्यासाठी 640 एकरांपर्यंत जमीन वाटली गेली, पण जमिनीखालचं सगळं सरकारने स्वतःकडे ठेवलं. मूळ पेटंटची, म्हणजे सरकारने जमीन दिल्याच्या सनदेची, प्रत सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळाली, त्यात 'कोळसा व इतर खनिजे' असं स्वच्छ लिहिलंय. वकिलाने आसपासच्या खाणींच्या दाव्यांची चौकशी केली, काही नव्हतं, आम्ही ते स्वीकारलं.

दुसरं, वाट नव्हती! काउंटीच्या रस्त्यापासून घरापर्यंतचा अर्धा मैल शेजाऱ्याच्या कुरणातून जात होता आणि विकणारा पंचवीस वर्षं नुसत्या तोंडी परवानगीवर ये-जा करत होता. आण्णांचा पहिला प्रश्न! नोंदणी केलेला रस्त्याचा हक्क मिळाल्याशिवाय शेतीकर्जवाले पैसे सोडेनात, आणि त्यांचं बरोबरच होतं.

शेजारी ऐंशीच्या घरातले आजोबा. त्यांच्या स्वयंपाकघरात तीन वेळा कॉफी झाली. पहिल्या दोन वेळा रस्त्याचा विषय मी काढला नाही आणि त्यांनीही नाही. तिसऱ्या वेळी त्यांनीच विचारलं, "गायी ठेवणार?" मी म्हटलं, ठेवीन की पंचवीस. ते हसून हसून खोकले. इथल्या कोरड्या कुरणात एक गाय आणि तिचं वासरू वर्षभर जगवायला चाळीस एकर लागतात, म्हणाले. म्हणजे माझ्या ऐंशी एकरांत दोन गायी.

सही त्यांनी केली. अट एकच: फाटक उघडं दिसलं तर उघडं सोडायचं, बंद दिसलं तर बंद. आणि मे ते सप्टेंबर माझं कुरण त्यांना भाड्याने. पाचच महिन्यांचा हिशेब धरला तर पाच गायी चरतात. मलाही ते सोयीचं होतं, कारण जमीन चराईखाली राहिली तरच काउंटी शेतीच्या दराने कर लावते, नाहीतर मोकळी जागा म्हणून कितीतरी पट. कुंपण मात्र माझं मलाच नीट करायचं होतं. आपल्याकडे दुसऱ्याचं ढोर पिकात शिरलं की कोंडवाड्यात. इथे उलटं, ढोरं बाहेर ठेवायची जबाबदारी पीकवाल्याची. तीन पदरी काटेरी तारेचं भक्कम कुंपण नसेल तर भरपाई मागायला जागा नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये खरेदीखत झालं. मोजणीवाल्याने कोपऱ्याचा खांब सेजब्रशच्या झुडपाखालून उकरून काढला. वर पितळी टोपी, तीवर आकडे. कुंपण त्या खुणेपासून अकरा फूट आत होतं, म्हणजे माझ्याच बाजूला. आण्णांना व्हिडिओ कॉल लावून दाखवलं. माण तालुक्यातल्या ओट्यावर बसून ते फोनवर वाकले, बराच वेळ बघत राहिले.

"बांध कोरलाय म्हाताऱ्यानं," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "असू दे. वाट दिलीया त्यानं."