बेडूक जपानचा, बाजार चीनचा

२२ जानेवारी २०१८ रोजी टोकियोत जोरदार हिमवर्षाव झाला आणि रात्रीपर्यंत शहरात २० सेंटिमीटरहून अधिक बर्फ साचला. लोकलचे वेळापत्रक कोलमडणार हे दिसताच दुपारीच कार्यालये सुटू लागली. मोबाइल गेमच्या बाजाराचा अभ्यास करणारा आमचा विभाग मात्र बसून राहिला, कारण ‘ताबिकाएरू’ हा प्रवासी बेडकाचा छोटासा जपानी गेम चीनच्या अ‍ॅप स्टोअरवर मोफत गेमच्या यादीत अग्रस्थानी होता.

‘हिट-पॉइंट’ कंपनीने तो नोव्हेंबर २०१७ मध्ये आणला. मांजरे गोळा करायचा ‘नेको आत्सुमे’ हा २०१४ मधला गाजलेला गेमही तिचाच. ‘ताबिकाएरू’ संपूर्ण जपानी भाषेत होता. कांजी, म्हणजे चिनी लिपीतून जपानीत आलेल्या अक्षरांमुळे चिनी वाचकाला त्यातले थोडेफार उमगते हे खरे, पण उरलेल्या मजकुराची भाषांतरे खेळाडूंनी स्वतःच करून समाजमाध्यमांवर पसरवली होती. आयफोनवरील डाउनलोडपैकी ९० टक्क्यांहून अधिक चीनमधले होते आणि मायदेश जपानचा वाटा नगण्य होता. शिवाय चीनमध्ये गूगल प्ले चालत नाही. तिथले अँड्रॉइडधारक इतर स्टोअरमधून गेम घेतात, त्यामुळे आमच्या तक्त्यात दिसत होती त्याहून खरी लाट मोठीच असणार.

आमच्या कोष्टकात मात्र या साऱ्याची नोंद ‘आशिया’ या एकाच रकान्यात होत असे. ‘गोंडस चित्रांचे गेम आशियात चालतात’ हे वाक्य आमच्या अहवालांत वर्षानुवर्षे फिरत होते आणि मला ते कधीच पटले नव्हते. गोंडस बेडूक काय, ससे काय, दोन्ही देशांच्या स्टोअरमध्ये ढिगाने पडलेले असतात. मग नेमका हाच का?

शांघायहून आलेल्या सहकारीने फोन पुढे केला. पडद्यावरचे घर रिकामे होते, अंगणात तिपानी क्लोव्हरची पाने उगवली होती. ती एकेक करून खुडली की त्यांवर शिदोरी आणि ताईत विकत घेता येतात, ते मेजावर ठेवायचे आणि बेडूक आपल्या मर्जीने निघतो, मर्जीने परततो, मध्येच कुठूनतरी छायाचित्र पाठवतो. “आमचा मुलगा कालपासून आलेला नाही,” ती अगदी काळजीने म्हणाली. चिनी खेळाडू बेडकाला सर्रास ‘मुलगा’ म्हणत. निर्मातीच्या मनात मात्र जपानी घरातला कामासाठी फिरतीवर असणारा नवरा होता, असे तिने पुढे एका मुलाखतीत सांगितले. घर सोडून दूर शहरात एकटे राहणाऱ्या, आईवडिलांचे एकुलते एक अपत्य असलेल्या पिढीला वाट पाहणारा पालक होऊन बघावेसे वाटले, असे माझे मत त्या फोनकडे पाहताना पक्के झाले.

कमाईचे चित्र वेगळे होते. क्लोव्हर पैसे देऊन घेता येत असले, तरी अंगणात ते फुकट उगवत, आणि घाई नसलेल्या खेळात पैसे मोजायची निकडही नसते. त्या दिवसांत ३० युआन किमतीची एक नक्कल चिनी स्टोअरच्या सशुल्क यादीत वर चढली, हे मला फार खटकले. मूळ गेम फुकट होता आणि लोक फसत होते.

भारतात असे घडेल का, असे आमच्या विभागप्रमुखांनी विचारले. भारतात डाउनलोड प्रचंड होतात, पण गेमवर थेट खर्च करणारे थोडे, त्यामुळे उत्पन्नाचा भार जाहिरातींवर पडतो. दिवसातून दोन मिनिटे उघडला जाणारा गेम जाहिराती किती दाखवणार? नवी मुंबईत तयार झालेल्या ‘लुडो किंग’सारखा चौघांनी मिळून खेळायचा गेम तिथे अधिक तग धरतो, असे मी सांगितले.

त्या संध्याकाळी अहवालातला ‘आशिया’ रकाना मी मोडला आणि जपान, चीन, कोरिया व भारत यांचे डाउनलोड आणि कमाई स्वतंत्र मांडली. एप्रिलमध्ये अलिबाबाने ‘ताबिकाएरू’चे चीनसाठीचे हक्क घेतल्याची बातमी आली, तेव्हा विभागप्रमुखांनी पहिल्यांदा चीनचा रकाना मागवला.