पतंगाच्या आकाराचा नीलम

सातारा, रविवार रात्र

मोती चौकात आज पाहिलेल्या नीलमांपैकी एकच डोक्यात राहिला. पतंगाच्या आकाराचा, करडट निळा, २ कॅरेटचा. पत्रिकेसाठी नीलम घेणारं गिऱ्हाईक लंबगोल नाहीतर चौकोनी मागतं आणि रत्तीत बोलतं. असला तिरपा खडा पुडीतच पडून राहतो. घासाघीस करायला जागा तिथेच.

आधी पोट बघायचं. भाव कॅरेटवर लागतो आणि खालच्या फुगीर पोटातलं वजन अंगठीत दिसतच नाही. ६ मिलिमीटरचा नीट कापलेला गोल नीलम साधारण १ कॅरेट भरतो. वरून दिसणारं तोंड तेवढंच आणि वजन दीडपट, तर वरचे पैसे पोटाचे. पोट उथळ असेल तर उलटी अडचण. खालचे पैलू साधारण ३५ अंशांहून सपाट बसले की उजेड परत फिरत नाही, आरपार जातो. खडा वर्तमानपत्रावर ठेवला की मधून अक्षरं वाचता येतात. पतंगाच्या शेपटीकडे हे बहुधा होतंच. तिथे चालवून घ्यावं, मधोमध नाही.

पेढीतल्या पांढऱ्या दिव्याखाली सगळेच नीलम देखणे. दाराशी, सावलीत धरून बघावा. मग पिवळ्या दिव्याखाली काळवंडतो का तेही.

दहापटीच्या भिंगातून रंगाचे पट्टे सरळ, कोनात वळलेले दिसले तर बरं लक्षण. वक्र रेघा आणि गोल बुडबुडे दिसले तर तो भट्टीतला, म्हणजे माणसाने बनवलेला. काच ओळखायला ०.०१ ग्रॅमचा काटा पुरतो: काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करायचा, खडा दोऱ्याने बुडवायचा, तळाला टेकू द्यायचा नाही. २ कॅरेट म्हणजे ०.४० ग्रॅम, नीलम असेल तर काटा ०.१० दाखवतो, साधी काच ०.१६ च्या आसपास. खड्याला हवेचा बुडबुडा चिकटला की आकडा फुगतो. भट्टीतला नीलम मात्र इथे सहज पास होतो, त्यामुळे प्रयोगशाळेचा दाखला हवाच. त्यात 'तापवलेला' लिहिलं असलं तर माझ्या बजेटात हरकत नाही. भेगांत काच भरलेला नको. ती काच लिंबाच्या रसानेही खराब होते.

टोकांना खडा धरणारे व्ही आकाराचे पंजे सांगायचे. नीलम कठीण, पण पातळ टोकाचा टवका उडतोच. पुढे अंगठी लहानमोठी करताना खडा काढूनच डाग द्यायला, म्हणजे सांधा जोडायला सांगायचं. डाग देताना लावलेला टाकणखार तापला की नीलमाचं पॉलिश खातो.