घराबरोबर काय काय जातं

एजंटच्या जाहिरातीत आमचं घर असं आहे: पाच बेडरूम, दोन बाथरूम, रेबर्न शेगडी असलेलं जुन्या शेतघराचं स्वयंपाकघर, दगडी कोठी, सव्वादोन एकर कुरण, कडेनं ओढा. वर ठळक अक्षरांत 'वेल्सच्या निसर्गात प्रशस्त कौटुंबिक घर'. किंमत सव्वापाच लाख पौंडांच्या 'आसपास'. वाईच्या मंडईत या 'आसपास'ला 'बोला ताई, किती देता' असं म्हणतात.

खोटं काही नाही त्यात. बेडरूम पाचच आहेत. फक्त ऑक्टोबर ते एप्रिल आम्ही त्यातल्या एकीत झोपतो आणि बाकीचा दिवस स्वयंपाकघरात रेबर्नला पाठ लावून काढतो. उरलेलं प्रशस्तपण दारं लावून गार पडू द्यायचं असतं. फोटोग्राफर मे महिन्यात आला, ओढ्याकाठी ब्लूबेल फुललेले असताना. त्यानं ड्रोन उडवला, आणि कसल्याशा भिंगातून आमची बूट काढायची बोळकांडीसुद्धा लग्नाच्या हॉलएवढी दिसेल असं केलं. मग नकाशा काढणारा आला. देवघराला त्याच्या यादीत नाव नव्हतं, म्हणून तिथं 'बेडरूम ४' असं छापलंय. देव एकोणीस वर्षं बेडरूममध्ये राहत होते हे मला जाहिरात वाचून कळलं.

घर लँडायलोपासून चारपाच मैलांवर, कार्मार्थनशरमध्ये. नाव सांगत नाही, पण त्यात 'नांत' आहे, म्हणजे ओढा. इथल्या घरांची नावं आपल्या वाड्यावस्त्यांसारखीच असतात: ब्रिन म्हणजे टेकडी, कोएद म्हणजे रान, हावोद म्हणजे उन्हाळ्यात गुरं घेऊन डोंगरावर जायचं ते ठिकाण. नाव कळलं की जागा कळते. गावाच्या नावातला पहिला 'ल' मात्र मला अजून येत नाही. तो दोन एलचा असतो, जीभ 'ल'ला टेकवायची आणि कडेनं नुसती हवा सोडायची. आपल्याकडे 'ळ' आहे म्हणून मला फार घमेंड होती, तिचा इथं काही उपयोग झाला नाही. मी गावातल्या औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होते. या जिल्ह्यात २०२१ च्या जनगणनेनुसार ३९.९ टक्के लोकांना वेल्श येतं, आणि दुखणं सांगताना म्हातारी माणसं हटकून वेल्शवर जायची. त्यामुळे माझं वेल्श सगळं गुडघे, पाठ आणि बद्धकोष्ठ यांभोवतीचं आहे.

भिंतींबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण विक्री पहिल्यांदा मोडली ती भिंतींपायीच.

दोन फुटी दगडी भिंती. वाईला आजोबांचा वाडा होता, त्याच्याही तेवढ्याच. मे महिन्यात दुपारी त्या भिंतीला गाल लावून झोपायचं, हे आमचं सुट्टीतलं सुख. २००७ साली हे घर पाहायला आलो तेव्हा मी हात लावला आणि आत तेच गार काहीतरी लागलं. 'हेच घ्यायचं,' मी म्हणाले. जुलै होता. जी भिंत वाईत जीव वाचवते ती इथं नोव्हेंबरात जीव घेते, एवढा हिशोब मला करता आला नाही. नवरा भूलतज्ज्ञ आहे. तो म्हणतो त्या दिवशी भूल त्याला दिली गेली.

या भिंती चुन्यात बांधलेल्या. पाऊस थोडा आत जातो, वारा सुटला की बाहेर येतो, असं त्यांचं चालतं. आमच्या आधीच्या कुणीतरी बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला, तेव्हापासून आत गेलेलं पाणी आतच. पश्चिमेची भिंत आम्ही खरवडून पुन्हा चुन्यात करून घेतली. तिला दोन उन्हाळे लागले आणि मग ती खरंच सुकली. उत्तरेची राहून गेली. पैसे होते तेव्हा वेळ नव्हता, वेळ मिळाला तेव्हा मुलांच्या फिया होत्या.

गॅसची लाइन इथं नाही. बागेत हिरवी प्लॅस्टिकची टाकी आहे, १,२०० लिटरची, त्यात रॉकेल. आपल्याकडे रेशनच्या रांगेत उभं राहून आणायचो तेच, फक्त टँकरनं येतं आणि एका वेळी निदान ५०० लिटर घ्यावं लागतं. २०२२ च्या मार्चमध्ये लिटरचा भाव एक पौंडाच्या वर गेला तेव्हा आम्ही रेबर्न विझवून चक्क ब्लँकेटं पांघरून जेवलो. शेजारच्या शेतावरची बाई आजूबाजूच्या घरांची एकत्र ऑर्डर देते, म्हणजे भाव थोडा पडतो. सप्टेंबरात तिचा फोन येतो, 'किती?' एवढाच. आपल्याकडच्या भिशीसारखं आहे ते, लेखी काही नाही.

रेबर्नबद्दल एक चांगलं सांगते. तिच्या तापलेल्या पाटावर भाकरी थेट टाकता येते, तवा लागत नाही, आणि टम्म फुगते. जाहिरातीत हे नाही.

तर बघायला लोक आले. एजंटनं आधी बजावलं होतं: फोडणी नको, कॉफी उकळत ठेवा. मी कॉफी उकळत ठेवली. पहिल्या आठवड्यात एक घोडेवाल्या बाई आल्या, त्या घरात शिरल्याच नाहीत, कुरणात गमबूट घालून फिरल्या आणि 'ओलं आहे' म्हणून गेल्या. एक जोडपं लंडनच्या बाजूचं, सुट्टीसाठी घर हवं होतं. राहत्या घराशिवायच्या दुसऱ्या घरांवर काउन्सिल टॅक्सचा, म्हणजे इथल्या घरपट्टीचा, जादा भार २०२३ पासून ३०० टक्क्यांपर्यंत लावायची मुभा इथल्या काउन्सिलांना आहे, हे एजंटनं त्यांना बहुधा दारातच सांगितलं, कारण वरचा मजला त्यांनी चार मिनिटांत उरकला. ब्रिस्टलकडचं एक कुटुंब मात्र तीन वेळा आलं. २०१८ च्या डिसेंबरात वेल्समध्ये यायच्या सेव्हर्न पुलाचा टोल गेल्यापासून तिकडची माणसं इकडे घरं बघायला लागली आहेत. त्यांच्या धाकटीनं ओढ्यात बूट भिजवले, आईनं मला भाकरीबद्दल विचारलं. मी मनातल्या मनात त्यांना किल्ल्या दिल्यासुद्धा.

मग त्यांचा सर्व्हेवाला आला. त्याच्याकडे ओल मोजायचं दोन टाचण्यांचं एक मीटर असतं, भिंतीला टोचलं की आकडा दाखवतं. ते मुळात लाकडासाठीचं. दगडाला टोचलं की कसलाही आकडा येतो. उत्तरेच्या भिंतीला त्यानं ते टोचलं, ते पिपाणीसारखं वाजलं. अहवाल आला, आठवड्यानं त्यांचा नकारही. आपल्याकडे इसार दिला की माणूस निदान लाजेकाजेनं थांबतो. इंग्लंड-वेल्समध्ये करारपत्रांची अदलाबदल होईपर्यंत शब्दाला किंमत नाही. कोणीही, केव्हाही, 'सॉरी' म्हणून बाहेर. आम्ही तोवर कार्डिफला लेकीजवळ छोटा बंगला पाहून ठेवला होता. तोही गेला.

त्या सप्टेंबरात मी कुरणाच्या वरच्या टोकाला जाऊन बसायची. तिथून कारेग केनेनचा किल्ला दिसतो, चुनखडीच्या कड्यावर, पडका, पण अंगापिंडानं मजबूत. लहानपणी अंगणातून पांडवगड दिसायचा, त्यामुळे कुठंतरी गड दिसला की मला जरा बरं वाटतं. या किल्ल्याची एक गोष्ट इथं सगळे सांगतात. १९६० च्या दशकात त्याच्या मालक लॉर्डनं खालचं शेत एका शेतकरी कुटुंबाला विकलं आणि कागदपत्रांतल्या चुकीनं किल्लाही त्या शेतात धरला गेला. आजही तो खाजगी मालकीचा आहे. देखभाल कॅडू ही वेल्सची सरकारी वारसासंस्था बघते. आपल्याकडे सातबाऱ्यावर बांधाचा एक हात इकडेतिकडे झाला तर तीन पिढ्या कोर्टात जातात, आणि इथं अख्खा गड चुकून विकला गेला. ही गोष्ट ऐकल्यापासून मी लँड रजिस्ट्रीचा नकाशा भिंग लावून बघते. लाल रेघ ओढ्याच्या अलीकडून जाते. एकोणीस वर्षं आमचा म्हणून मिरवला तो ओढा कागदावर आमचा नाहीच. नवरा म्हणाला, 'बरं झालं, पुराची जबाबदारी गेली.'

नोव्हेंबरात एक तरुण जोडपं आलं. ती वेल्श माध्यमाच्या शाळेत शिकवते, तो कुंपणं घालायची कामं करतो. अॅमनफर्डला ओळीतलं छोटं घर, दुसरं मूल येऊ घातलेलं. त्यानं स्वयंपाकघराकडे पाहिलंही नाही. पन्हाळीखाली उभा राहिला, सेप्टिक टँकचं झाकण उचललं, नोंदणीचा कागद आहे का विचारलं (आहे, वेल्समध्ये लागतो), उत्तरेच्या भिंतीवर हाताचा पंजा ठेवला आणि म्हणाला, 'सिमेंट.' लहानपणी याच कुरणात गवत कापणीला तो वडिलांबरोबर यायचा. पावसाचं पाणी रस्त्याखालून कुठल्या नळातून जातं ते त्यानं मला दाखवलं. मला माहीत नव्हतं.

त्यांची बोली वीस हजारांनी कमी आली. ५ लाख ५ हजार. वर त्यांना वेल्सचा घरखरेदीचा कर भरायचा: पहिले सव्वादोन लाख माफ, चार लाखांपर्यंत ६ टक्के, त्यावर साडेसात, एकूण १८,३७५ पौंड. मी फार्मासिस्ट, हिशोब पटकन होतो. एजंट म्हणाला थांबा, वसंतात रोख पैसेवाले येतील. आम्ही रात्री रेबर्नपाशी बसून बोललो. मी सरळ सांगते, यात परोपकार काही नव्हता. मला पुन्हा कॉफी उकळायची नव्हती, आणि त्या मुलाला भिंत सुकवता येईल एवढं दिसत होतं. हा म्हणाला, 'अगं, वीस हजारात आपण ती भिंत केली असती की.' म्हणजे झालंच.

आता सॉलिसिटरनं सामानाचा फॉर्म पाठवलाय, दुसऱ्यांदा भरतेय. प्रत्येक वस्तूपुढे रकाने: राहणार, नेणार, नाही. पडद्यांचे दांडे राहणार. रेबर्न राहणार. पाटा-वरवंटा यादीत नाही, पण तो १९९० च्या दशकातल्या माझ्या पाठीनं आणला होता, आताच्या नाही. त्यामुळे राहणार, दाराला टेका म्हणून चालेल असं लिहिलं. कढीपत्त्याची कुंडी नेणार. बागेतली झाडं राहणार. त्यात एक हायड्रेंजिया आहे, दर वर्षी शाडूचा गणपती बादलीत विसर्जित करून ते पाणी तिला घातलेलं. इतर दोन हायड्रेंजियांपेक्षा ती हातभर उंच आहे. का, ते लिहायला फॉर्ममध्ये जागा नाही.

शेवटी टाकीतलं तेल. टॉर्च घेऊन बाहेर जाऊन मीटर पाहिलं, साधारण चारशे लिटर. त्याचे पैसे लावायचे की नाही यावर आमचं थोडं वाजलं, मग 'राहणार'वर खूण केली. समासात बारीक अक्षरात लिहायला घेतलं, की सप्टेंबरात शेजारच्या शेतावरून फोन येईल, तेव्हा नुसता आकडा सांगायचा.

हा खांद्यावरून वाचत होता. म्हणाला, 'खोड ते. ती त्याची मावशी आहे.'