यशवंतरावांचं वय

परवा माणगावला गाडी बदलायची होती. श्रीवर्धनची एसटी यायला वेळ होता म्हणून बाबू तहसील कचेरीकडे जाऊन आला, यशवंतराव घाडग्यांचा पुतळा बघायला. आल्यावर म्हणाला, "आई, ते बावीसचेच होते गं." बाबूला फौजेत जायचंय. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

त्यांची गोष्ट आम्हाला लहानपणापासून पाठ. पळसगावचे. मराठा पलटणीत नाईक. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्यात तुकडीतली बाकीची सगळी पडली. हे एकटेच धावून गेले. ग्रेनेड टाकून गन बंद पाडली, तिथल्या एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, तर टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिनंच मारलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस.

शाळेत हे ऐकताना अंगावर काटा यायचा. आता वाटतं, १० जुलै म्हणजे आपल्याकडे ऐन लावणी. घरची माणसं चिखलात वाकलेली असतील, डोक्यावर इरलं, हातात आवणाची मूठ. तिकडे पोर पडलं आणि इकडे कुणाला पत्ताही नाही. पुढे पदक आलं. पोराची कबरसुद्धा नाही. इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर हजारो नावांत एक नाव कोरलंय.

बावीस. त्या वयात बाबूला अजून भाकरीचा पापुद्रा मी काढून द्यावा लागेल.

काल रात्री खूप रडले. हे गेल्यापासून वाडी एकटीनं राखली, ती काय यासाठी? बाबू गेला की नारळ उतरवणाऱ्या पाडेल्याला कोण हाक मारणार, रोठा सुपारी कोण वाळवणार? भाऊजींशी बोलायला गेले आणि न बोलताच परतले.

पहाटे तो पुळणीवर धावायला गेला, तेव्हा जागीच होते. नाहीतरी इथलं पोर घरी कुठं राहतं? मुंबईला जातंच. हा निदान मनापासून जातोय. यशवंतरावांनाही कुणीतरी दारातून निरोप दिलाच असेल ना.

भरतीचे कागद आज मीच प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट लावले. त्याला एकच सांगणार आहे. बेळगावात मराठा पलटणीच्या केंद्रात असो नाहीतर सीमेवर बर्फात, रविवारी फोन करायचा. आणि माझ्याशी खरं बोलायचं.