जाताना रेल्वे, येताना नदी : मोन्सल ट्रेलची गोल फेरी

बोगद्यात शिरण्याआधी ताईने स्वेटर काढून पिशवीत कोंबला होता, तो पन्नास पावलांत पुन्हा अंगावर आला. बाहेर एप्रिलचं कोवळं ऊन आणि आत तळघरासारखा गारठा. छतातून थेंब टपकत होते. भिंतीवर हात फिरवला तर बोटांना काळं लागलं. इथून शेवटची गाडी १९६८ मध्ये गेली, तरी वाफेच्या इंजिनांची काजळी अजून विटांना धरून आहे.

इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यात, पीक डिस्ट्रिक्टच्या चुनखडीच्या डोंगरांतून वाय नदी नागमोडी वाहते. १८६३ मध्ये याच दरीतून बक्स्टन शहराकडे लोहमार्ग गेला. तो बंद पडल्यावर १९८१ मध्ये त्या जागी पायवाट झाली, तीच मोन्सल ट्रेल. एकूण लांबी साधारण साडेतेरा किलोमीटर. मोठे बोगदे मात्र कुलूपबंद होते, ते २०११ मध्ये दिवे लावून खुले केले. अनेक जण ट्रेलवरून जातात आणि त्याच वाटेने परततात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की तसं करू नका. जाताना रेल्वेच्या जुन्या वाटेने जा, येताना नदीकाठाने या. नदी जिथे जिथे वळते तिथे रेल्वेने डोंगर पोखरून सरळ वाट काढली. म्हणजे बोगद्यात असताना दरीचा जो भाग हुकतो, नेमका तोच परतीला पायाखाली येतो.

आम्ही सुरुवात मिलर्स डेल स्टेशनपासून केली. पैसे भरून गाडी लावता येते, स्वच्छतागृह आहे आणि जुन्या इमारतीत कॅफे आहे. एवढ्याशा वस्तीला एकेकाळी पाच फलाटांचं स्टेशन होतं, कारण बक्स्टनला जाणारे प्रवासी इथे गाडी बदलत. फलाटाच्या कडा अजून दिसतात. इथून बेकवेल गावाच्या दिशेने, म्हणजे पूर्वेकडे चालू लागायचं. थोड्याच अंतरावर डाव्या-उजव्या बाजूला लक्ष ठेवा, चुन्याच्या जुन्या भट्ट्यांची किल्ल्यासारखी उंच भिंत लागते.

ट्रेल अगदी सपाट आहे. ताईचा गुडघा दुखरा असल्याने मला हे फार महत्त्वाचं होतं. व्हीलचेअर किंवा बाबागाडी घेऊन आलेलीही बरीच मंडळी दिसली. सायकलवाले मागून येतात, तेव्हा डावी बाजू धरून चाला आणि लहान मुलांचा हात सोडू नका. लिटन आणि क्रेसब्रुक हे दोन बोगदे लागोपाठ येतात, दोन्ही चारशे-पाचशे मीटरचे. आतले दिवे फक्त दिवसा चालू असतात, म्हणून हिवाळ्यात येणाऱ्याने परतीची वेळ जपावी आणि खिशात टॉर्च ठेवावा. भिंतीत माणूस उभा राहील एवढे कोनाडे आहेत. गाडी आली की रुळांवर काम करणारे कामगार त्यात अंग चोरून उभे राहत. मी एकात उभी राहून पाहिलं. पाठ भिंतीला टेकली तरी छातीपुढे फार जागा उरत नाही.

या दोन बोगद्यांच्या मधे उजेडाचा एक छोटा तुकडा आहे. तिथे घाई करू नका. खाली खोलवर नदी आणि समोर पांढरे कडे दिसतात. गाडीतल्या प्रवाशाला हे दृश्य काही क्षण मिळत असेल, की पुन्हा अंधार. आम्ही तिथे चांगली वीस मिनिटं बसलो.

पुढे मोन्सल डेलचा जुना फलाट आणि मग हेडस्टोनचा पाच कमानींचा पूल. हा मार्ग झाल्यावर लेखक आणि कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी दरीचा नाश केला म्हणून त्यावर कडाडून टीका केली होती. आज तोच पूल संरक्षित वास्तू आहे आणि लोक खास तो बघायला येतात. मला रस्किन यांचा राग समजतो. दरी रेल्वेशिवाय कशी असेल याची कल्पना पुलावर उभं राहून करता येते आणि ती सुंदरच असणार. तरीही त्या कमानी आता तिथल्याच वाटतात.

पूल ओलांडला की समोर हेडस्टोन बोगद्याचं तोंड दिसतं. आत न जाता शेजारची चढण धरायची, ती दरीच्या माथ्यावरच्या मोन्सल हेडला नेते. दिवसभरातली हीच एक दमवणारी चढण. ताई तीनदा थांबली. वर खाण्यापिण्याची सोय आहे, पण शनिवार-रविवारी फार गर्दी होते, तेव्हा डबा सोबत असलेला बरा.

परतीला मोन्सल हेडवरून अप्परडेलकडे उतरणारा अरुंद डांबरी रस्ता धरा. गाड्या येतात, कडेने चाला. क्रेसब्रुकची जुनी सूतगिरणी आली की तिच्या बाजूने नदीकाठची वाट सुरू होते. या भागाचं नाव वॉटर-कम-जॉली. बांधामुळे नदी इथे तळ्यासारखी पसरली आहे, वर कडे झुकलेले आणि काठाने रानलसणीचा वास. एका दगडावर पांढऱ्या छातीचा, चॉकलेटी रंगाचा छोटा पक्षी सारखा उठाबशा काढत होता. मग चक्क पाण्याखाली शिरला आणि काही सेकंदांनी पलीकडे वर आला. त्याला डिपर म्हणतात. वेगाने वाहणाऱ्या पाण्यात तळाशी किडे शोधतो.

इथे एक कळकळीची सूचना. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी एकटी आले होते. आधी तीन दिवस पाऊस झाला होता आणि ही वाट गुडघाभर पाण्याखाली होती. कडा आणि नदी यांच्या मधे दुसरी जागाच नाही. मी मागे फिरले, अप्परडेलहून जुन्या फलाटापाशी चढले आणि बोगद्यांतून परत आले. तुम्हीही तसंच करा, पाण्यात पाय घालू नका. पाणी ओसरल्यावरही दगड बुळबुळीत राहतात, म्हणून चांगली पकड असलेले बूट हवेत. दरीत फोनला रेंज धरून चालू नका, नकाशा आधी उतरवून घ्या.

पुढे लिटन मिल. आता तिथे घरं आहेत, पण अठराव्या शतकाच्या अखेरीस ही कापसाची गिरणी निघाली आणि अनाथ मुलांना इथे कामाला जुंपलं जाई. रॉबर्ट ब्लिंको हा त्यांतलाच एक. त्याने सोसलेली मारहाण आणि उपासमार १८३२ मध्ये पुस्तकरूपाने लोकांपुढे आली. भिंतीशी उभं राहिलं की शेजारून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज येतो. गिरणीची चाकं याच पाण्यावर फिरत. ताई बराच वेळ काही बोलली नाही.

तिथून नदीलगतच्या शांत रस्त्याने मिलर्स डेल, आणि शेवटी स्टेशनापर्यंतचा छोटा चढ. एकूण दहा-अकरा किलोमीटर झाले. थांबत, बसत आम्हाला पाच तास लागले, भरभर चालणाऱ्याला साडेतीन पुरतील. नदीच्या वरच्या अंगाला ‘ची डेल’ नावाची दरी आहे. तिथे कड्याखालून पाण्यातल्या दगडांवर पाय ठेवत जावं लागतं. ताई म्हणाली, "गुडघा बरा झाला की तेही करू." पाणी कमी असलेला एखादा आठवडा बघून ठेवायचं मी कबूल केलं आहे.